मिरचीचं उरलेलं पाणी

अळणावरजवळच्या आमच्या गावात अजून माझ्याबद्दल बोलतात, की बाईनं सख्ख्या भावाचा ऊस वाळवला. मी बसमधून उतरले की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबतं आणि मी चार पावलं पुढं गेले की पुन्हा सुरू होतं. मला ऐकू येतं. त्यांना वाटतं, हुबळीची शेठाणी, हिला काय कळणार. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून सांगून टाकते.

आम्ही भावंडं दोघंच. मी थोरली, तो धाकटा. तो मला अक्का म्हणतो, मी त्याला तम्मा. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि भांडताना दोन्ही. माझं लग्न हुबळीत झालं. सासरचे लोक मूळचे गडहिंग्लजकडचे, आजेसासऱ्यांच्या आधीपासून इकडं व्यापाराला आलेले. मिरची-मसाल्याचं दुकान. विद्यानगरात घर. मिरचीशी माझा संबंध आला तो दुकानातून. पोतं उघडलं की शिंका, आणि विसरून डोळ्याला बोट लागलं की दिवसभर आग. वाळकी मिरची मोडून, तिचा आवाज ऐकून ती गेल्या हंगामातली की यंदाची हे मला सांगता येतं. पण ती लावायची कशी, तिला पाणी किती द्यायचं, यातलं मला काही येत नव्हतं.

आमच्या वडिलांनी, अप्पांनी, जाण्याआधी जमिनीचे दोन भाग करून ठेवले. ओढ्याकडचा खालचा भाग तम्माला आणि चढावरचा मला. गावानं नाकं मुरडली. आमच्याकडं अजून असं आहे, की बहिणीनं हक्कसोडावर सही करायची आणि भावानं तिला दरवर्षी पंचमीला माहेरी बोलावून लुगडं आणि उंड्या द्यायच्या. लुगडं आणि लाडू देऊन शेत मिळवायचं. मी सही केली नाही. अप्पांनी दिलं ते मी घेतलं. तम्मा तेव्हा वाईट बोलला नाही, हेही सांगायला हवं. म्हणाला, "अक्का, तुझं ते तुझंच की. मी कोण नको म्हणणार?"

बोअर मात्र एकच. तम्माच्या भागात, चिंचेच्या झाडाखाली. अप्पांनी चार लोकांसमोर सांगून ठेवलं होतं, की एक दिवस याचा आणि एक दिवस तिचा. करंट किती वेळ येतो ते नशीब, पण दिवस ज्याचा त्याचा.

पोरं शिकून बाहेर पडली, तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, मी माझं शेत स्वतः करणार. तो वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाला, "घरात कंटाळा आला असेल तर चार दिवस कुठंतरी देवाला जाऊन ये." मी देवाला गेले नाही. सकाळच्या पॅसेंजरनं अळणावरला जायला लागले.

उन्हाळी हिरवी मिरची करायची असं ठरवलं. उन्हाळ्यात चांगली तिखट हिरवी मिरची हुबळीत मिळत नाही. मिळते ती फोपशी, चव गवताची. खानावळवाले दुकानात येऊन कुरकुरायचे, "काकू, ठेचा करायचा तर साखर घातल्यासारखा होतो." मला वाटलं, हे आपण करू.

पहिल्या वर्षी तम्मा करतो तसंच केलं. सऱ्या पाडल्या, पाटानं पाणी सोडलं. चढावरचं शेत, खाली उताराला टोक. पाणी वरून धावायचं आणि खाली जाऊन तुंबायचं. खालच्या झाडांचे पाय सतत ओले. एक दिवस झाड हिरवंगार, दुसऱ्या दिवशी माना टाकलेल्या. उपटून बघितलं तर मूळ तपकिरी आणि वास येणारं. वरच्या सरीत उलटी गोष्ट. तिथं पाणी थांबायचंच नाही, ऊन चढलं की पानं दोरीसारखी आणि फुलं खाली गळलेली. एकाच शेतात अर्धी मिरची बुडून मेली आणि अर्धी तहानेनं. आणि माझ्या बांधावरून निसटलेलं पाणी सरळ तम्माच्या शेतात उतरायचं. त्याच्या शाळूला त्या वर्षी निम्मं पाणी माझंच मिळालं असेल. मी काही म्हणाले नाही. पाणी उताराला जाणार, त्यात त्याचा काय दोष?

दुसऱ्या वर्षी ड्रिप घातलं. धारवाडहून फिटर आणला. गादीवाफे केले, प्रत्येक वाफ्यावर काळी नळी अंथरली, वर मल्चिंगचा कागद आणि कागदाला भोकं पाडून रोपं. तम्मा बांधावर उभा राहून बघत होता.

"काय अक्का, मिरचीला सलाईन लावलीस काय?"

फिटर हसला. मीही हसले. अव्वा, म्हणजे आमची आई, काठी टेकत आली. ती तम्माकडंच राहते. तिनं नळी उचलून हलवून बघितली, कागदावर हात फिरवला आणि म्हणाली, "पाणी कुठाय गं? दिसत न्हाई."

"मुळाशी आहे अव्वा. वर दिसायचं नाही."

"न दिसणारं पाणी देऊन काय पीक येतंय होय," म्हणाली आणि परत गेली.

पीक आलं. मला ते नुसतं आलं म्हणून सोडवत नाही, पण तो भाग मी थोडक्यातच सांगते, कारण राग त्याच्या पुढं आहे. कागदाखालची माती मुठीत दाबली की लाडू व्हायचा आणि बोटानं टोचला की फुटायचा. तेवढी ओल पुरे, त्याहून जास्त नको, हे हाताला कळलं. मी माझ्या दिवशी मोटर लावायची, सगळ्या वाफ्यांना पाणी पोचायचं, आणि दुपार व्हायच्या आत मोटर बंद. पाटानं दिवसभर पुरायचं नाही ते आता अर्ध्या दिवसात भागायचं. बंद करताना मला केवढं बरं वाटायचं! जमिनीखाली आपण काहीतरी शिल्लक ठेवून चाललो आहोत असं वाटायचं. संध्याकाळच्या गाडीत मी शेजारच्या अनोळखी बायकांना ड्रिप समजावून सांगायची.

एप्रिलमध्ये एकदा खाली पाहिलं तर तम्माच्या शाळवाच्या रानात नांगर चालला होता आणि खोल सऱ्या पडत होत्या. मी उतरून गेले.

"काय लावतोस?"

"ऊस."

"उसाला पाणी कुठलं?"

तो मोकळेपणानं म्हणाला, "हाय की आता पाणी. तू दुपारी बंद करतीस. तिथनं पुढं मी लावतो."

मला माहीतच नव्हतं. मी मोटर बंद करून बसला जायची आणि माझी पाठ वळली की तो ती पुन्हा चालू करायचा. तरी तेव्हा मी रागावले नाही. उरलंय तर घेऊ दे, भाऊच आहे असं म्हणाले. अव्वा म्हणाली, "तुझं उरतंय, त्याचं होतंय. बरंच की." मीसुद्धा म्हणाले, बरंच की.

ऊस हे असलं पीक आहे, की एकदा घरात आलं की ते पाहुणं राहत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो उभा होता, माणसाहून उंच, आणि त्याला पाणी हवं होतं, उरलेलं नव्हे. माझी मिरची फुलावर होती. मार्चमध्ये वरच्या टोकाच्या वाफ्यांत पानं दुपारी माना टाकायला लागली. मी फिल्टर खोलून धुतला. नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडलं, क्षार बसला असेल म्हणून फिटरला बोलावून ॲसिड फिरवलं. नळ्या स्वच्छ होत्या. फिटर म्हणाला, "बाई, नळीत खोट नाही. बोअरच दम टाकतोय. सकाळी कोण चालवतं हे?"

मी बोअरपाशी गेले. माझा दिवस होता. मोटरीवर हात ठेवला तर ती गरम.

तम्मा घरात भाकरी खात होता. मी दारातच उभी राहिले.

"आज दिवस कुणाचा?"

"तुझा."

"मग मोटर गरम कशी?"

त्यानं घास गिळला. "अक्का, करंट पहाटे आला. तू यायला ऊन होतंय. तवर जरा उसाला सोडलं. तू लाव की आता. कुणी नको म्हटलंय?"

"आता पाणी चढत नाही वर. वरचे वाफे कोरडे पडलेत. फुलं गळतायत."

आणि मग तो ते वाक्य बोलला, अगदी शांतपणे, जसं काही तो माझी समजूत काढतो आहे. "अगं अक्का, तुझ्या मिरचीला थेंबच तर लागतात."

भावजय चुलीपाशी होती, तिनं वळून बघितलं नाही. अव्वा म्हणाली, "ये, भाकरी खा आधी." मी थेंबाथेंबानं पाणी द्यायला शिकले ते माझ्या अकलेनं, माझ्या कष्टानं. आणि यानं त्याचा अर्थ असा काढला, की हिला थेंबाचाच हक्क आहे. मी त्याला म्हणाले, "मला थेंब पुरतात म्हणून माझा दिवस तुझा होत नाही." तो म्हणाला, "दिवस दिवस काय करतीस? पाणी काय कॅलेंडर बघून वाहतंय?" मी भाकरी न खाता निघाले. अव्वा मागून ओरडत राहिली, की उपाशी जाऊ नको. मुलीनं उपाशी जाऊ नये, तिचं शेत उपाशी गेलं तर चालतं.

त्याच सुमारास कसल्याशा योजनेची माणसं आली. दोन जीप भरून शेतकरी आणि टोपी घातलेला एक साहेब. ड्रिपवरची मिरची बघायला. माझं शेत कुणी सुचवलं होतं देव जाणे. साहेब वाफ्यात उभा राहून कन्नडमध्ये बोलायला लागला, की या अक्कांनी पाणी वाचवून सगळ्यांना वाट दाखवली आहे, प्रत्येकानं असं केलं तर जमिनीतलं पाणी वर येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं माझ्या हातात मिरच्यांनी भरलेली टोपली दिली आणि फोटो काढला.

मी टोपली खाली ठेवली. "साहेब, वाचलेलं पाणी कुठं गेलं ते दाखवू का?"

"दाखवा की."

मी त्याला बांधावर नेलं आणि खाली बोट केलं. "ते गेलं बघा. तो ऊस बघा. मी एक बादली वाचवली की तिथं दीड बादली जाते. जमिनीत वर काही आलं नाही, होतं तेही खाली गेलं. आणि माझी वरची मिरची आता कोरडी आहे. मला हे सांगा, पाणी वाचवणाऱ्याचं पाणी राखायचं कुणी?"

साहेबानं उसाकडं बघितलं, मग घड्याळाकडं. "अक्का, ते तुमचं घरगुती आहे. आमचा विषय फक्त ड्रिपपर्यंत." आणि जीप गेल्या. माझ्या मिरच्यांची टोपलीही बरोबर नेली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलावलं. हनुमंताच्या देवळाच्या कट्ट्यावर सगळे बसले. अप्पांनी ज्यांच्यासमोर वाटणी सांगितली होती, त्यांतले दोघे अजून होते. मी उभी राहून सगळं सांगितलं. तम्मा खाली मान घालून बसला, जसं काही त्याच्यावरच अन्याय झालाय. त्याला विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "मी अक्काला कधी नाही म्हणलो नाही. तिला लागतंय तेवढं तिनं घ्यावं."

ते ऐकून सगळ्यांच्या माना डुलल्या. किती समजूतदार मुलगा! त्यांनी आपापसात बोलून ठरवलं, की अक्काला थोडं लागतं आणि भावाला जास्त, तर अक्काच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत पाणी अक्काचं आणि पुढं भावाचं. सगळ्यांचं भागतं.

माझा आवाज चढला. "एका ताटाला दोघं बसले. एकानं बेतानं खाल्लं आणि दुसऱ्यानं बोकाणे भरले. तर बेतानं खाणाऱ्याची भाकरी दुसऱ्याला द्यायची का? मी उद्या पाट फोडून पाणी रस्त्यावर सोडलं असतं, तर माझा दिवस पूर्ण राहिला असता. वाचवलं म्हणून अर्धा झाला. हा कुठला न्याय?"

त्यातला एक म्हातारा हसून म्हणाला, "अक्का, ताटात उष्टं राहण्यापेक्षा भावाच्या पोटात गेलेलं काय वाईट?"

सगळे हसले. कट्ट्याखाली उभी असलेली माणसंही हसली. मी आयुष्यात पुष्कळदा रागावले आहे. दुकानात गिऱ्हाइकांवर, नवऱ्यावर, पोरांवर. पण ते हसणं ऐकून जो राग आला तो निराळा होता. तो गरम नव्हता. त्यानं माझं डोकं एकदम स्वच्छ केलं.

"माझा दिवस संध्याकाळपर्यंत माझा," मी म्हणाले. "त्या पाण्याचं मी काय करते ते मला कुणी विचारायचं नाही."

पंधरवड्यात मी जेसीबी लावला आणि शेताच्या सगळ्यांत वरच्या कोपऱ्यात तळं खोदलं. आत जाड काळा कागद अंथरला. माझ्या दिवशी करंट यायच्या आधी मी शेतात हजर असायची. त्यासाठी गावातच एका लांबच्या मावशीच्या घरी मुक्काम करायला लागले. भावाच्या घरी नाही. करंट आला की मोटर चालू, आणि जाईपर्यंत बंद करायची नाही. सगळं पाणी तळ्यात. तिथून छोट्या पंपानं ड्रिपला. मिरचीला लागेल तेवढंच द्यायची, एक तांब्या जास्त नाही. बाकीचं तळ्यात राहायचं. दुपारी मोटर बंद होण्याची वाट बघत तम्मा चिंचेखाली बसलेला असायचा. मी बोअरपाशीच स्टूल टाकून बसायची. आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही.

मे महिन्यात उसाचे शेंडे पिवळे पडले. एकदा तम्मा तळ्यापर्यंत चढून आला. घामानं निथळत होता.

"एवढं पाणी नुसतं उन्हात ठेवलंयस. वाफ होऊन चाललंय. आणि माझा ऊस वाळतोय."

"माझ्या दिवसाचं आहे."

"लागत नाही तरी घ्यायचं? ही कसली अक्कल?"

"तुम्हीच शिकवलीत. जो जास्त ओढतो त्याला जास्त मिळतं. आता मी ओढते."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्यानंच माझी आणखी चिडचिड झाली. दुपारी तळ्याकाठी उभं राहिलं की पाणी उडताना दिसायचं नाही, पण कागदावरची ओली रेघ रोज खाली सरकायची. ज्या पाण्याचा थेंब न् थेंब मी मुळाशी नेला होता, ते मी आता उघड्यावर सूर्याला पाजत होते. का? तर ते जमिनीत ठेवलं तर माझं राहत नव्हतं म्हणून. मला पाणी राखायचं होतं आणि या लोकांनी मला साठेबाज करून टाकलं.

मग त्यानं अव्वाला पाठवलं. की ती आपण होऊन आली, मला माहीत नाही. त्या वयात, तो चढ, भर दुपारी. तळ्याच्या काठाला येऊन बसली आणि धापा टाकत राहिली. मी बाटलीतलं पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

"पोटच्या पोरीपुढं पदर पसरायची पाळी आली," ती म्हणाली. "एक दिवस सोड त्याला. एकच."

"अव्वा, माझी मिरची वाळत होती तेव्हा तू त्याच्याकडं गेली होतीस का माझ्यासाठी पदर पसरायला?"

"तुला हुबळीत दुकान हाय. घर हाय. त्याला काय हाय?"

"हे बघ, दुकान माझ्या नवऱ्याचं आहे. हे शेत माझं आहे. अख्ख्या जन्मात माझं म्हणण्यासारखं हे एवढंच आहे."

ती पुटपुटली, "मिरचीला थेंब लागतात गं."

तिच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मी पाणी सोडणार नाही हे ठरलं. सोडणार होते का? खरं सांगायचं तर ती चढून येताना दिसली तेव्हा मनात आलं होतं, की जाऊ दे, सोडू एक दिवस. पण तो थेंब माझ्या आईच्या जिभेवरही बसला होता. मी म्हणाले, "चल, तुला घरापर्यंत सोडते." ती एकटीच उतरून गेली. मी मागून चालत राहिले, अंतर ठेवून, ती पडेल या भीतीनं.

पाऊस उशिरा आला. ओढ्यालगतचा ऊस तगला, चिंचेकडचा वाळला. गावानं तो वाळलेला तेवढा मोजला.

माझी मिरची निघाली. पाण्याच्या ताणात वाढलेली मिरची जास्त तिखट होते, तशी ती झाली. खानावळवाल्यानं ठेचा करून चाखला आणि डोळे पुसत म्हणाला, "काकू, यंदा काय घातलंय मुळाशी?" नवऱ्यानं दुकानात पुढ्यात हिरव्या मिरचीच्या टोपल्या मांडल्या. पूर्वी त्यानं असलं काही ठेवलं नव्हतं. एकदा तो म्हणाला, "विकून टाक ते शेत. भावाशी वैर, आईशी वैर, मिळवलंस काय?" मी म्हणाले, "वैर मी केलं नाही." तो म्हणाला, "कुणी केलं ते कुठं विचारतोय मी?" मी टोपलीतल्या मिरच्या निवडायला लागले. त्या पंचमीला माहेरचं बोलावणं आलं नाही. मी घरीच शेंगांच्या उंड्या वळल्या.

इथं थांबलं असतं तरी मी ते सोसलं असतं. पण पुढच्या वर्षी तम्मानं उसाला ड्रिप घातलं. त्याच योजनेतून, आणि त्याच टोपीवाल्या साहेबाच्या हातून. पुन्हा जीप आल्या, या वेळी खाली. मी वरून बघत होते. टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या. सगळे गेल्यावर तम्मा चढून आला. वर्षभरात पहिल्यांदा. चेहरा उजळलेला.

"अक्का, तू म्हणत होतीस ते खरं. निम्म्या पाण्यात होतंय."

मला क्षणभर वाटलं, संपलं. माझं आयुष्यातलं एक भांडण संपलं. मी म्हणाले, "मग आता उरेल की पाणी."

"उरतंय की! म्हणून ओढ्यापलीकडची पड जमीन घेतली कसायला. तिथं पण ऊसच लावतोय." आणि वर म्हणाला, "तुझ्याकडनंच शिकलो बघ."

मी हातातली मिरचीची पाटी खाली आपटली. मिरच्या वाफ्यात पसरल्या. तो बावरला. त्याला खरंच कळलं नाही मी का चिडले. त्याच्या मते त्यानं मला मान दिला होता. मी ओरडले, की नळी घातली म्हणून पाणी वाचत नाही, आधी आपली हाव आवरावी लागते. मी काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. तो गोळा होऊन उभा राहिला, लहानपणी अप्पा रागावले की राहायचा तसा, आणि मग वाकून माझ्या मिरच्या गोळा करायला लागला. मी त्याला हात लावू दिला नाही.

यंदा फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "अक्का, नळीत पाणी चढेना. फिल्टर तुंबला असंल काय? जरा बघतीस?"

मी गेले. फिल्टर खोलला, स्वच्छ होता. मला तो खोलायच्या आधीच माहीत होतं. बोअरवाल्याला बोलावलं. त्यानं पाइप वर काढले, आणखी तुकडे जोडले आणि मोटर साखळीनं खाली सोडत गेला. आम्ही दोघं चिंचेखाली उभे. अव्वा खाटेवर बसून बघत होती, खाट बाहेर आणून ठेवली होती. साखळी थांबली. बोअरवाला म्हणाला, "टेकली. आता तळ आहे. याच्या खाली जागा नाही."

मोटर लावली. पाणी आलं, मनगटाएवढं यायचं ते अंगठ्याएवढं, मध्ये मध्ये वारा सोडत.

तम्मानं वाकून त्या धारेखाली हात धरला. त्याचे केस कानापाशी पांढरे झालेत हे मी तेव्हा पाहिलं. तो म्हणाला, "अक्का, तूच सांग आता. काय करायचं?"

त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं. माझ्या मनात सगळं तयार होतं. किती वर्षं तयार होतं. मी म्हणाले, "ऊस काढ."

त्यानं खाली बघितलं, त्या हिरव्या दाट रानाकडं, मग ओढ्यापलीकडं, मग अव्वाकडं. अव्वानं मान फिरवली.

"ते सोडून सांग," तो म्हणाला.

मी पिशवी उचलली आणि बसच्या वाटेला लागले.